एका हातची, डॉक्टरांची गाडी

माझे आजोबा बैल घ्यायला निघाले की पैशांची पिशवी कमरेला आत खोचून मगच मला हाक मारीत. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. बाजारात गेल्यावर बैलाचे वशिंड, त्याची चाल, शिंगांना लावलेला रंग यांच्याकडे ते आधी ढुंकूनही पाहत नसत. पहिल्याने त्याचे तोंड उघडीत. दुधाचे दात असले तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. त्यापुढचे वय सांगायला दात उपयोगी पडत नाहीत, हेडीची जीभच लागते. भाव ठरे तो रुमालाखाली. आजोबांचा हात आणि हेडीचा हात एका रुमालाखाली जात, बोटे बोटांशी बोलत आणि भोवती उभ्या असलेल्या पंचवीस माणसांना त्याचा पत्ताही लागत नसे. एवढे झाल्यावरसुद्धा सगळे पैसे द्यायचे नाहीत. विसार द्यायचा, बैल घरी आणायचा आणि चार दिवस औताला जुंपून पाहायचा. औतात बसकण मारू लागला किंवा मारका निघाला, तर दोर धरून परत. "दात मोज, मंग पैसा मोज," असे ते आपल्या अहिराणीत म्हणत.

अशा आजोबांचा मी नातू. त्यातून अमळनेरच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवलेला. "पुराव्यावाचून विधान करू नका," असे मुलांना सांगण्यात सारा जन्म गेला. २०२१ च्या दसऱ्याला मी दोन लाख चाळीस हजार रुपये मोजून एक जुनी मोटार घरी आणली, आणि तिचे दात काही मोजले नाहीत.

मोटार घेण्याचे कारण चैनीचे नव्हते. सौभाग्यवतीच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि एस. टी. ची पहिली पायरी दिवसेंदिवस उंच होत चालली होती. धुळ्याला डॉक्टरांकडे महिन्यातून दोनदा जायचे. निवृत्तीच्या पैशांतून नवी गाडी घेणे परवडणारे नव्हते, म्हणून एका मोठ्या शहरातल्या जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे गेलो. शहराचे नाव सांगत नाही. तिथे सज्जन व्यापारीही असतील, त्यांनी माझे काय बिघडवले आहे?

"सर, एका हातची गाडी आहे. डॉक्टरांची. घर ते दवाखाना, एवढीच फिरली आहे," व्यापारी म्हणाला. महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक जुनी मोटार कुठल्या तरी डॉक्टरांचीच कशी असते, हे मला आजतागायत उमगलेले नाही. एवढे डॉक्टर असते तर खेड्यापाड्यांतली आरोग्य केंद्रे रिकामी राहिली नसती. मी मात्र खूष झालो. सौभाग्यवती नाही झाली. ती गाडीत बसली, जरा नाक आक्रसले आणि म्हणाली, "भाऊ, ही पाण्यात बुडालेली तर नाही ना? तसं असेल तर आताच सांगा. तुम्ही काही बोलला नाहीत, तर ती धड आहे असंच आम्ही धरून चालू."

तो गृहस्थ नुसता हसला आणि आत वळून म्हणाला, "पोऱ्या, दोन चहा सांग रे. कमी साखरेचे."

चहा आला. बाईमाणसाची शंका म्हणून मीही हसलो. पुढे बिघडलेले सारे त्या हसण्यात होते, पण ते कळायला बावीस दिवस जायचे होते. निघताना तिने आणखी एक हट्ट केला. दुकानाच्या छापील कागदावर गाडीचा नंबर, किंमत आणि तारीख घालून शिक्क्यानिशी पावती घेतली. "कशाला उगाच," मी म्हटले. ती काही बोलली नाही.

गाडीच्या पाटीवर एम. एच. १० होते. एम. एच. १० म्हणजे सांगली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर येऊन सांगलीच्या पेठाच्या पेठा पाण्यात गेल्या होत्या, हे मी वर्तमानपत्रांतून रोज वाचले होते. शिवकालीन किल्ल्यावरच्या पुसट शिलालेखाचा वर्गात अर्थ लावणाऱ्या मला पांढऱ्या पाटीवरची चार काळी अक्षरे वाचता आली नाहीत!

भाऊबिजेला, ६ नोव्हेंबरला, आम्ही बहिणीकडे धुळ्याला निघालो. निम्म्या वाटेवर पुढच्या फळीखालून धूर आला, दिवे आपोआप लागले, मालवले आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. बहिणीकडे ओवाळून घ्यायला मी एका टेम्पोतून पोचलो. गाडी दोराने ओढत अमळनेरला आणली, तेव्हा आमच्या मिस्त्रीने कुणाला काही न विचारता आधी बसण्याचा पट्टा पूर्ण ओढून बाहेर काढला. शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. मग पायाखालचे कापड उचलले. खुर्च्यांचे लोखंडी रूळ गंजून सोललेले होते आणि तारांचे सांधे हिरवे पडले होते. तो म्हणाला, "सर, हाई गाडी पानीम्हा बुडेल शे."

व्यापाऱ्याला दूरध्वनी केला. त्याची उत्तरे दोन. पहिले, "सर, जुनी वस्तू आहे, बघून घेतलीत, आता मी काय करणार?" दुसरे अधिक पोचलेले होते. "मी तर मधला माणूस. कागद मालकाच्या नावावर आहेत." आणि ते खरेच होते. नोंदणीपुस्तकात सांगलीकडच्या मूळ मालकाचे नाव. मालकी बदलण्यासाठी जे २९ आणि ३० नंबरचे नमुने लागतात, त्यांवर त्याच्या सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या. विकणारा म्हणून तो आणि घेणारा म्हणून मी. ज्याने पैसे मोजून घेतले त्याचे नाव सरकारी कागदांत कुठेच नाही. आजोबांच्या काळी रुमालाखाली फक्त भाव असे. इथे व्यापारीच्या व्यापारी रुमालाखाली गेला होता.

माणूस फसला की वकिलाकडे जातो. मी आधी ग्रंथालयात गेलो, त्याला इलाज नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९४६ साली निघालेला तिसरा खंड घरी आणला आणि ऐन दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचत बसलो.

आपल्या जुन्या स्मृतिकारांनी विकलेला माल परत करण्याच्या भांडणाला एक स्वतंत्र नावच दिले आहे. 'क्रीतानुशय', म्हणजे विकत घेतल्यावर झालेला पश्चात्ताप. किती समंजस शब्द आहे! मनूने दोन्ही पक्षांना दहा दिवस दिले. त्या मुदतीत घेणाऱ्याने परत द्यावे किंवा विकणाऱ्याने परत घ्यावे. नारदाचा हिशेब जास्त काटेकोर. घेतल्या दिवशीच वस्तू जशीच्या तशी परत केली तर पूर्ण पैसे. दुसऱ्या दिवशी केली तर किमतीचा तिसावा भाग कापायचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर ती घेणाऱ्याच्या गळ्यात. मात्र पारख करायला मालागणिक वेगळी मुदत. लोखंड आणि वस्त्र यांना एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. दासदासींनाही मुदती आहेत. त्या वाचताना मान खाली जाते, पण आहेत. याज्ञवल्क्यानेही हीच यादी एका श्लोकात बसवली आहे. आजोबा बैल चार दिवस औताला जुंपून पाहत, तेव्हा आपण नारदाच्या पाच दिवसांच्या आतच आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

हे वाचून मी हरखलो, आणि पुढच्याच श्लोकाने मला जमिनीवर आणले. वापरलेले, मळलेले वस्त्र विकत घेतले आणि ते सदोष निघाले, तरी ते विकणाऱ्याकडे परत जात नाही, असे नारद स्पष्ट म्हणतो. म्हणजे जुन्या मालाच्या व्यापाऱ्याचा वकील दीड हजार वर्षांपूर्वीच उभा होता!

तेव्हा मी कौटिल्याकडे वळलो. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना १९०५ च्या सुमारास मिळाली नसती तर माझा पक्ष फार लंगडा पडला असता. कौटिल्याच्या मते व्यापाऱ्यांच्या सौद्यात फेरविचाराची मुदत एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री, गुराख्याला पाच. पण रोगी जनावर निरोगी म्हणून विकले, तर विकणाऱ्याला बारा पण दंड, आणि चतुष्पाद परत करण्याची मुदत तीन पक्ष, म्हणजे पंचेचाळीस दिवस. मी बोटे मोजली. दसरा ते भाऊबीज बावीस दिवस. आणि चार चाकांची गाडी चतुष्पाद नव्हे, असे कोणत्या टीकाकाराने म्हटले आहे? सौभाग्यवती म्हणाली, "चकल्या मऊ पडल्या, आधी त्या खा."

हा विचार आपल्याकडेच होता असे नाही. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा हुकूम होता की जनावर विकणाऱ्याने त्याचा रोग आणि खोड आधी उघड सांगावी. न सांगितल्यास सहा महिन्यांपर्यंत सौदा मोडता येई. इंग्रजांची रीत उलटी. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, विकणाऱ्याने तोंड उघडण्याची सक्ती नाही. त्यांच्याबरोबर ती रीत आपल्याकडे आली.

१८७२ च्या करार कायद्याचे सतरावे कलम वाचकांनी एकदा तरी नजरेखालून घालावे, गोष्टीच्या पुस्तकाइतके ते रंजक आहे. कपट कशाला म्हणावे हे सांगताना त्यात एका घोड्याची उदाहरणे घेतली आहेत. घोडा सदोष आहे हे मालकाला ठाऊक आहे आणि लिलावात तो काही बोलत नाही, तर ते कपट नव्हे. घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे त्याने सांगितले पाहिजे. आणि घेणारा म्हणाला की 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असे मी समजेन,' आणि मालक गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच धरायचे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहत तासन् तास घालवणारे लोक मी पाहिले आहेत. कायदे करणाऱ्यांनी असलाच एखादा बाजार डोळ्यांसमोर ठेवला असावा.

ते तिसरे उदाहरण वाचले आणि मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेलो. "तू त्या दिवशी त्याला नेमकं काय म्हणालीस?" तिने शब्दन् शब्द सांगितला. कायद्याचे पुस्तक जन्मात न उघडलेल्या बाईने सतराव्या कलमातले वाक्य त्या दुकानात म्हणून ठेवले होते आणि व्यापाऱ्याने कमी साखरेचा चहा मागवून त्याला उत्तर दिले होते.

माझा एक जुना विद्यार्थी जळगावला वकिली करतो. मनू-नारदांची माझी टिपणे त्याने नम्रपणे बाजूला ठेवली आणि म्हणाला, "सर, आपल्याला १९३० पासून सुरुवात करू." १९३० च्या मालविक्री कायद्यातही इंग्रजी तत्त्वच मुख्य. पण त्याला अपवाद आहेत. विकणारा त्याच मालाचा धंदा करणारा असेल आणि घेणारा त्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, तर माल कामाचा निघाला पाहिजे. त्यातही खोच आहेच. घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष त्याच्याच माथी. मी गाडी तपासली होती का? हो, टायरला दोन लाथा मारल्या होत्या.

धंदेवाला कोण आणि घरगुती मालक कोण, हा फरक विलायतेत मोटारींच्याच दोन खटल्यांनी पक्का केला. दोन्हींत डेनिंग हे न्यायाधीश होते. १९५७ च्या खटल्यात एका साध्या माणसाने आपली मॉरिस गाडी १९४८ ची म्हणून एका व्यापाऱ्याला २९० पौंडांना दिली. कागदावर तसेच होते, पण मागे कुणीतरी तो कागद खोडला होता आणि गाडी निघाली १९३९ ची. न्यायालयाने व्यापाऱ्याला हात हलवत परत पाठवले. तुला जे कळले नाही ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? १९६५ साली नेमके उलटे घडले. व्यापाऱ्याने सांगितले की नवे इंजिन घातल्यापासून गाडी वीस हजार मैल चालली आहे. प्रत्यक्षात ती लाखाच्या घरात गेली होती. इथे व्यापारी पकडला गेला, कारण खरे काय ते शोधून काढणे त्याच्या हातात होते. त्याही आधी, १९२३ साली, चोरीची निघालेली मोटार चार महिने वापरूनसुद्धा घेणाऱ्याला पूर्ण ३३४ पौंड परत मिळाले होते. हा निकाल मला फार आवडला आणि मी तो वहीत लाल शाईने उतरून घेतला.

आपल्याकडे कायदा होता, त्याचा उपयोग नव्हता. दिवाणी दावा लावायचा म्हणजे मुद्रांक, वकील आणि वर्षे. शिवाय एक काळ असा होता की गाडी हातात पडणे हेच भाग्य. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला होता. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारा मनुष्य तक्रार कसली करणार? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि घेणाऱ्यालाही बाजू असते हे मराठी माणूस प्रथमच मोठ्याने बोलू लागला. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातली एक सोय माझ्यासारख्यासाठीच केलेली वाटावी. दुकान कुठल्याही शहरात असो, घेणारा जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन वर्षांची मुदत. म्हणजे अमळनेरचा माणूस जळगावला गेला की पुरे.

आम्ही आधी नोटीस पाठवली, रजिस्टर टपालाने. तिला उत्तर नाही. तक्रार मांडताना 'मधला माणूस' हा मुद्दा मोडायला शिक्क्याची ती पावती होती. मिस्त्रीचे लेखी मत होते, पट्ट्यावरच्या गाळाची छायाचित्रे होती आणि सौभाग्यवतीचे प्रतिज्ञापत्र होते. त्यात तिचे ते वाक्य आणि त्यापुढे "यावर त्यांनी चहा मागविला" असे होते. वकील म्हणाला, एवढे एक पान पुरे आहे.

तसेच झाले. आयोगाची नोटीस पोचली आणि पहिल्या तारखेपूर्वीच व्यापाऱ्याचा वकील तडजोडीला आला. गाडी परत घेतो, पण बावीस दिवसांच्या वापराचे चाळीस हजार कापा. मी १९२३ च्या निकालावर अडून बसलो, एक पैसाही कमी घेणार नाही! सौभाग्यवती मात्र म्हणाली, "अहो, आपण दोनदा धुळ्याला जाऊन आलो तिच्यातून. त्याचं काही द्यायला नको?" तेव्हा मी नारदाचा तिसावा भाग काढला. दोन लाख चाळीस हजारांचे बरोबर आठ हजार. आठ हजारांवर मिटले. हा आकडा कुठल्या स्मृतीतून आला, हे समोरच्या वकिलाला अजून माहीत नसेल. पैसे २०२२ च्या पाडव्याला खात्यात जमा झाले.

पुढे २२ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम काढले. १ एप्रिल २०२३ पासून त्यांना परवानापत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी सोपवली की तशी नोंद सरकारकडे करावी लागते. गाडी विकली जाईपर्यंत मग तोच तिचा मालक मानला जातो. रुमाल ओढून काढला गेला तो असा.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विकणाऱ्याला दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून उठून जातात, असे त्याचे म्हणणे. खराब गाडीला तिकडे 'लिंबू' म्हणतात. आपण नव्या गाडीला लिंबू बांधतो, ते जुनीला बांधायला हवे. हा निबंध वाचताना मात्र मला हसू आले नाही, कारण त्यातल्या विकणाऱ्याला मी ओळखत होतो.

१९९४ साली मी माझी स्कूटर आमच्या शाळेतल्या शिपायाला सहा हजारांना विकली. गाडी तापली की तिचा दुसरा गिअर निसटत असे. मला ते ठाऊक होते. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. सतराव्या कलमाच्या पहिल्या उदाहरणाप्रमाणे ते कपट नव्हे. मी धंदेवालाही नव्हतो. म्हणजे डेनिंगनेही मला सोडले असते. पण पैसे परत मिळाल्याचे पेढे घरात आले आणि मला तो गिअर आठवू लागला.

तो आता थकला आहे, बोरी नदीपलीकडे मुलाजवळ राहतो. पेढे घेऊन गेलो. गाडीची सगळी हकीकत त्याला सांगितली, तो पोट धरून हसला. मग मी स्कूटरचा विषय काढला. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"दुसऱ्या गिअरचं ना सर? ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण तुमच्याकडं परत घेऊन कसं यायचं?"

नारदाच्या हिशेबाने काही नोटा पाकिटात घालून नेल्या होत्या. त्या काढायचा धीर झाला नाही. सुनेने चहा आणला, तो प्यालो आणि पुलावरून चालत घरी आलो.